आपला संघ म्हणजे कोणाचा संघ? अलाबामा, कॉलेज फुटबॉल आणि बेसबॉल



२०११ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका रेडिओ कार्यक्रमात एक फोन आला. पॉल फाइनबॉम हा क्रीडा पत्रकार तो कार्यक्रम चालवायचा. लोकांनी फोन करायचा, आपल्या संघाची बाजू मांडायची, समोरच्या संघाला यथेच्छ शिव्या घालायच्या, असा एकूण कारभार. त्या दिवशी फोन करणारा माणूस अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा भक्त होता. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा संघ शेजारच्या ऑबर्न विद्यापीठाकडून २८-२७ असा एका गुणाने हरला होता. ऑबर्न गावात टूमर्स कॉर्नर नावाचा चौक आहे. तिथे ओकची दोन जुनी झाडं होती आणि ऑबर्न जिंकलं की लोक त्या झाडांवर कागदाच्या गुंडाळ्या फेकून जल्लोष करायचे. हा माणूस रेडिओवर शांतपणे म्हणाला, की मी त्या झाडांच्या मुळांशी विष घातलंय. आणि आपल्या संघाची घोषणा देऊन त्याने फोन ठेवला.

लोकांना वाटलं, थापा मारतोय. मग विद्यापीठाने माती तपासली, तर तिच्यात जबरदस्त प्रमाणात तणनाशक सापडलं. बरेच उपाय झाले, पण झाडं वाचली नाहीत. २०१३ मध्ये ती काढून टाकावी लागली. त्या माणसाला शिक्षा झाली.

त्याला वेडा म्हणून सोडून देता येईल. पण मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्या विद्यापीठासाठी त्याने हे केलं, तिथे तो कधी शिकलेलाच नव्हता. अलाबामा संघाच्या लाखो चाहत्यांची हीच गोष्ट आहे. कॉलेजची पायरी चढलेली नाही, पण शनिवारी तो संघ ‘आपला’. आज मला या ‘आपला’ शब्दाचा इतिहास सांगायचा आहे. तो फुटबॉलपाशी सुरू होतो, पण बेसबॉल आणल्याशिवाय कळत नाही.

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपल्या कोलकात्याचा, गोव्याचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचं, समोरच्याने अंगावर झेपावून पाडायचं, असा तो खेळ. कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. तो खेळ सॉकरच्या जास्त जवळचा होता. पुढे त्यात इतकी मारामारी शिरली, की मुलं मैदानावर मरू लागली. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि पुढच्या वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली ती तेव्हा. तोवर हा खेळ मुख्यतः उत्तरेकडच्या श्रीमंत कॉलेजांचा होता. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन. दक्षिणेकडे कोणी फारसं बघत नव्हतं.

दक्षिण म्हणजे कोण, हे लक्षात घ्या. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात हरलेली राज्यं. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेली आणि हरल्यावर ‘आमचा पराभवही कसा उदात्त होता’ अशी कथा रचून त्यावर तीन पिढ्या जगलेली. गरीब, शेतीवर अवलंबून, उत्तरेच्या वर्तमानपत्रांनी अडाणी ठरवलेली. अशा राज्यातल्या एका संघाला १९२५ च्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल सामन्याचं आमंत्रण आलं, तेही इतर काही कॉलेजांनी नकार दिल्यावर.

१ जानेवारी १९२६. अलाबामा विरुद्ध वॉशिंग्टन. मध्यंतराला अलाबामा ०-१२ ने मागे. तिसऱ्या डावात त्यांनी वीस गुण काढले आणि सामना २०-१९ असा जिंकला. त्यांचा एक खेळाडू, जॉनी मॅक ब्राउन, पुढे हॉलिवूडमध्ये काउबॉयपटांचा नट झाला. संघ आगगाडीने परत निघाला तेव्हा दक्षिणेतल्या स्टेशनांवर लोक जमले. यात अलाबामाचेच लोक होते असं नाही. दक्षिणेच्या वर्तमानपत्रांनी हा विजय एका कॉलेजचा न मानता अख्ख्या दक्षिणेचा मानला. साठ वर्षांपूर्वी रणांगणावर जे जमलं नाही ते मैदानावर जमलं, अशी ती भावना.

त्या दिवसापासून अलाबामाचा फुटबॉल संघ राज्याच्या अब्रूचा रखवालदार झाला. राज्यात ना मोठं व्यावसायिक फुटबॉल आलं, ना मोठं व्यावसायिक बेसबॉल. आजही नाही. म्हणून प्रेम करायला कॉलेजचेच संघ होते. तेही दोन. अलाबामा आणि ऑबर्न. त्यांचा पहिला सामना १८९३ मध्ये बर्मिंगहॅम शहरात झाला. १९०७ नंतर खेळाडूंचा भत्ता आणि पंच कोणते, अशा किरकोळ बाबींवरून दोघांचं फिसकटलं आणि १९४८ पर्यंत, म्हणजे तब्बल ४१ वर्षं, ते एकमेकांशी खेळलेच नाहीत. मधल्या काळात पहिलं आणि दुसरं अशी दोन महायुद्धं होऊन गेली! १९४८ मध्ये सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा अलाबामा ५५-० ने जिंकलं. घरात एक नवरा ऑबर्नचा आणि बायको अलाबामाची असेल तर ती तिथे बातमी असते. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाने मुंबई-बडोदा रणजी सामन्यात कोणाची बाजू घ्यायची, हा आपल्याकडचा प्रश्न त्यापुढे फारच सौम्य आहे.

आता बेसबॉलकडे वळू.

बर्मिंगहॅम हे लोखंड-पोलादाचं शहर. तिथे १९१० मध्ये रिकवुड फील्ड नावाचं बेसबॉलचं मैदान बांधलं गेलं. ते अजून उभं आहे आणि अमेरिकेतलं सर्वांत जुनं व्यावसायिक मैदान म्हणून ओळखलं जातं. या एकाच मैदानावर दोन संघ खेळायचे. गोऱ्यांचा संघ बर्मिंगहॅम बॅरन्स आणि कृष्णवर्णीयांचा संघ बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स. मैदान तेच, माती तीच, खेळण्याचे दिवस वेगळे, बसण्याच्या जागा वेगळ्या. १९४८ मध्ये ब्लॅक बॅरन्समध्ये एक शाळकरी मुलगा आला. जवळच्या वेस्टफील्ड या गिरणी वस्तीतला, विली मेज. शाळा संपली नव्हती म्हणून सुरुवातीला बहुतेक घरच्याच सामन्यांत खेळायचा. हा मुलगा पुढे न्यूयॉर्कला गेला, त्याने कारकिर्दीत ६६० होम रन मारले आणि बेसबॉलमध्ये त्याच्याइतका सर्वांगीण खेळाडू झाला नाही असं मानणारे आजही पुष्कळ आहेत.

हाच मेज शाळेत फुटबॉलही उत्तम खेळायचा, पण अलाबामा विद्यापीठाच्या संघात तो जाऊ शकत नव्हता. त्या विद्यापीठात त्याला प्रवेशच नव्हता.

एकटा मेज नाही. मोबील हे अलाबामाचं समुद्रकाठचं शहर. तिथे जन्मलेल्यांची नावं बघा. सॅचेल पेज, हँक आरन, विली मकोव्ही, आणि मोबीलला लागून असलेल्या व्हिसलरचा बिली विल्यम्स. हे चौघेही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. एका मध्यम आकाराच्या शहराने एवढे दिग्गज दिले, आणि राज्याच्या लाडक्या संघाचे दरवाजे या सगळ्यांना बंद. शनिवारी स्टेडियममध्ये ‘आपल्या’ संघासाठी घसा फोडणाऱ्या चाहत्याला, आपल्या राज्याचे सर्वांत मोठे खेळाडू दूर सेंट लुईस, शिकागो, न्यूयॉर्कला खेळतायत, याचं काही वाटत नव्हतं. वाटलं असेल तर त्याने ते मोठ्याने म्हटलं नाही.

जॅकी रॉबिन्सनने १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनमध्ये रंगभेदाची भिंत पाडली, हे आपण सगळीकडे वाचतो. तो मूळचा दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातला, पण लहानपणीच कॅलिफोर्नियात गेला. आणि कॉलेजमध्ये, यूसीएलएत, तो फुटबॉलचाही तारा होता. जॉर्जियातच राहिला असता तर तिथल्या राज्य विद्यापीठाकडून खेळणं सोडाच, वर्गातही बसला नसता. १९४७ नंतरही दक्षिण हलली नाही. सदर्न असोसिएशन ही तिथली जुनी बेसबॉल लीग. तिच्यात १९५४ मध्ये अटलांटा क्रॅकर्सकडून नॅट पीपल्स हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरला. दोन सामने. मग त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि त्यानंतर कोणीच नाही. १९६१ च्या हंगामानंतर ही लीग बंद पडली. टीव्हीने प्रेक्षक पळवले हे एक कारण, पण मिश्र संघ नको हा हट्ट हेही मोठं कारण. बर्मिंगहॅममध्ये तर कायदाच होता, गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकत्र पत्ते, सोंगट्या खेळणंसुद्धा गुन्हा. न्यायालयाने बागा सर्वांना खुल्या करा म्हटल्यावर शहराने बागाच बंद केल्या. स्वतःची करमणूक बंद पडली तरी चालेल, पण शेजारी तो नको.

१९६३ मध्ये याच शहरात मुलांच्या मोर्चावर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले गेले. त्याच वर्षी ११ जूनला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभा राहिला, व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला. दार कसलं, तर फॉस्टर ऑडिटोरियमचं. विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ तिथे खेळायचा. संघराज्याचे अधिकारी आणि सैनिक आले, वॉलेस बाजूला झाला, दोघे आत गेले. वर्गाचं दार उघडलं. मैदानाचं अजून नाही.

बर्मिंगहॅमपासून साधारण २४० किलोमीटरवर अटलांटा. तिथल्या धुरीणांना कळलं होतं, की दंगलींचं शहर म्हणून नाव झालं तर धंदा बुडेल. त्यांनी स्टेडियम बांधलं आणि १९६६ मध्ये मिलवॉकीचा ब्रेव्ह्ज हा बेसबॉल संघच उचलून आणला. हा संघ १९५३ पर्यंत बॉस्टनचा होता, म्हणजे या घराचं बिऱ्हाड दुसऱ्यांदा हललं. खोल दक्षिणेला पहिल्यांदा मोठ्या लीगचा संघ मिळाला. आणि या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू होता मोबीलचा हँक आरन. घराजवळ येतोय म्हणून तो आनंदात असेल असं आपल्याला वाटेल. उलट त्याला धाकधूक होती. दक्षिण त्याला माहीत होती.

१९७३ च्या हंगामाअखेर आरनच्या खात्यात ७१३ होम रन होते. बेब रूथचा विक्रम ७१४. बेब रूथ म्हणजे अमेरिकेचं दैवत. तो सगळा हिवाळा आरनला पत्रं येत होती. पुष्कळ कौतुकाची, पण धमक्यांचीही भरपूर. मारून टाकू, तुझ्या मुलांना पळवू. त्याच्याबरोबर पोलीस अंगरक्षक असायचा, बाहेरगावी संघापासून वेगळा राहायचा. ती पत्रं त्याने आयुष्यभर जपून ठेवली, फेकली नाहीत. आणि १९७३ मध्ये, इतिहासातला सर्वांत मोठा विक्रम मोडायला आलेला असताना, अटलांटाच्या स्टेडियममध्ये कित्येक संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या असायच्या. संघ हरत होता, हे खरं. पण शनिवारच्या फुटबॉलला हरणाऱ्या संघासाठीसुद्धा खुर्च्या भरतात, हेही खरं.

८ एप्रिल १९७४ ला मात्र स्टेडियम भरलं. त्रेपन्न हजारांवर लोक. डॉजर्सच्या अल डाउनिंगचा चेंडू आरनने कुंपणापलीकडे टाकला. ७१५. तो तळांना वळसा घालत धावत असताना दोन गोरी पोरं कठड्यावरून उडी मारून त्याच्याबरोबर धावली. अंगरक्षकाला क्षणभर कळेना, की पिस्तूल काढायचं की काय. पोरांनी नुसती पाठ थोपटली. आईने मात्र घरच्या तळावर आरनला घट्ट मिठी मारली. समालोचक विन स्कली म्हणाला, दक्षिणेच्या गाभ्यात एका कृष्णवर्णीयासाठी लोक उभं राहून टाळ्या वाजवतायत, काय क्षण आहे. बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून त्या रात्री हजर नव्हते. दुसऱ्या गावी कार्यक्रम होता म्हणे. आरन हे विसरला नाही.

या चार वर्षं आधी फुटबॉलमध्येही एक संध्याकाळ होऊन गेली होती. अलाबामाचे चाहते ती गोष्ट आजही फार चवीने सांगतात. १२ सप्टेंबर १९७०, बर्मिंगहॅमचं लीजन फील्ड. कॅलिफोर्नियाचं यूएससी विरुद्ध अलाबामा. अलाबामाचा संघ सगळा गोरा. यूएससीच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने १३५ यार्ड धाव काढली, दोन टचडाउन केले आणि यूएससी ४२-२१ ने जिंकलं. त्यांच्याकडून धावणारा क्लॅरेन्स डेव्हिस तर जन्माने बर्मिंगहॅमचाच होता. कथा अशी, की हे बघून अलाबामाच्या प्रेक्षकांचे डोळे उघडले आणि महान प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी संघ सर्वांना खुला केला.

गोष्ट गोड आहे, पण अर्धीच खरी आहे. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने त्या सामन्याच्या आधीच घेतलं होतं. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून तो बाहेर होता. आणि त्याही आधी, १९६९ मध्ये, विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने ब्रायंट आणि विद्यापीठावर खटला भरला होता. त्यांचा वकील यू. डब्ल्यू. क्लेमन पुढे राज्यातला पहिला कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश झाला. मग चाहत्यांच्या तोंडी खटला का नाही आणि सामना का? माझं मत सांगतो. खटल्याच्या गोष्टीत कोणीतरी आपल्याला भाग पाडलं असं कबूल करावं लागतं. सामन्याच्या गोष्टीत आपण स्वतः शहाणे झालो असं म्हणता येतं. चाहत्याची स्मरणशक्ती अशीच चालते, तिला स्कोअर पाठ असतो आणि कोर्टाची तारीख आठवत नाही.

त्याचा परिणाम बघायचा तर २७ नोव्हेंबर १९८२ चा अलाबामा-ऑबर्न सामना बघा. अलाबामाने सलग नऊ वर्षं ऑबर्नला हरवलं होतं. शेवटच्या मिनिटांत ऑबर्नच्या पहिल्या वर्षाच्या एका पोराने सगळ्यांच्या डोक्यावरून उडी मारून टचडाउन केला. ऑबर्न २३-२२ ने जिंकलं. ब्रायंट यांचा या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा तो शेवटचा सामना. महिन्याभराने ते निवृत्त झाले आणि २६ जानेवारी १९८३ ला वारले. तो पोरगा म्हणजे बो जॅक्सन. बेसेमरचा, म्हणजे विली मेजच्या वेस्टफील्डपासून हाकेच्या अंतरावरचा. तो बेसबॉलही खेळायचा. न्यूयॉर्क यँकीजने त्याला निवडलं होतं, ते सोडून तो ऑबर्नला आला आणि पुढे दोन्ही खेळांत व्यावसायिक झाला. मेज आणि बो, एकाच परिसरातले, दोघेही दोन्ही खेळांत तरबेज. मधे चौतीस वर्षं. एकाला राज्य सोडावं लागलं, दुसऱ्याचं नाव ऑबर्नच्या लोकांनी डोक्यावर घेतलं.

बेसबॉल मात्र दक्षिणेच्या घराघरांत पोचलं ते टीव्हीमुळे. टेड टर्नर या अटलांटाच्या उद्योजकाने १९७६ मध्ये ब्रेव्ह्ज संघ विकत घेतला, कारण त्याच्या टीव्ही वाहिनीला रोज दाखवायला काहीतरी हवं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने वाहिनी उपग्रहावर नेली. मग अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, कुठेही केबल असली की रोज संध्याकाळी ब्रेव्ह्ज. संघ हरायचा, पण दिसायचा. टर्नरची वाहिनी १७ क्रमांकाची. त्याने अँडी मेसरस्मिथ या गोलंदाजाला १७ नंबरची जर्सी दिली आणि पाठीवर नावाच्या जागी लिहिलं ‘चॅनल’. लीगने ते बंद पाडलं.

हा मेसरस्मिथ साधा माणूस नव्हे. तोवर बेसबॉलमधला खेळाडू आयुष्यभर एका संघाला बांधलेला असे. करार संपला तरी मालक म्हणेल तिथेच. कर्ट फ्लडने १९६९ मध्ये हे नाकारलं, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. १९७५ च्या डिसेंबरात मेसरस्मिथच्या प्रकरणात लवादाने खेळाडूच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा चाहते काय म्हणाले? आता निष्ठा संपली, खेळाडू भाडोत्री झाले.

आज अलाबामाच्या रेडिओवर फोन करणारा चाहता कॉलेज फुटबॉलबद्दल तेच म्हणतो. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि २०२५ च्या तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. मुलं दरवर्षी संघ बदलतात. चाहत्याची हळहळ खोटी नाही, ज्याला चार वर्षं वाढताना बघायचं तो पुढच्या वर्षी शत्रूच्या जर्सीत दिसतो. पण टस्कलूसाच्या लाखभर खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये प्रशिक्षक निक सेबन यांचं वर्षाचं मानधन एक कोटी डॉलरच्या वर गेलं, तेव्हा ‘खेळात पैसा आला’ अशी ओरड झाली नव्हती. खेळणाऱ्या पोरांत तेव्हा बहुसंख्य कृष्णवर्णीय होती आणि त्यांना शिष्यवृत्तीवर समाधान मानायला सांगितलं जात होतं. हा तपशील चाहत्याच्या मतातून दरवेळी गळतो.

२० जून २०२४ ला त्या जुन्या रिकवुड फील्डवर मोठ्या लीगचा सामना ठेवला गेला, ब्लॅक बॅरन्स आणि त्या काळच्या खेळाडूंच्या सन्मानार्थ. दोनच दिवस आधी विली मेज वारला होता, ९३ व्या वर्षी. सामन्याआधी टीव्हीवर रेजी जॅक्सनला विचारलं, इथे परत येऊन कसं वाटतंय. रेजी १९६७ मध्ये याच मैदानावर बर्मिंगहॅमकडून खेळला होता. सगळ्यांना वाटलं, जुन्या आठवणींचं काहीतरी गोड बोलेल. तो म्हणाला, इथे येणं सोपं नाही. मग त्याने सांगितलं, की हॉटेलवाले त्याला जेवायला आत घेत नसत, राहायला खोली देत नसत, आणि काही गोऱ्या सहकाऱ्यांनी त्याला सांभाळलं नसतं, एकाने घरातल्या कोचावर झोपायला जागा दिली नसती, तर आपण कोणाशी तरी मारामारी करून बसलो असतो. स्टुडिओतले सगळे गप्प बसून ऐकत होते. नंतर सामना झाला. सेंट लुईसने सॅन फ्रान्सिस्कोला ६-५ असं हरवलं. मोठ्या लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळे पंच कृष्णवर्णीय होते.